कोठीची माती

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कोणी विचारलं तर मी सुभद्राबाईंचं नाव घेतो. आईवडील आहेतच, त्यांचं नाव वेगळं घ्यावं लागत नाही. पण आमच्या घरात पहिला बी. ए. मी झालो तो सुभद्राबाईंमुळे. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, माझ्या शिक्षिकाही नव्हत्या. माझी धाकटी बहीण शांता ज्या मुलींच्या वसतिगृहात शिकायला होती, तिथल्या त्या अधीक्षक. त्यांनी मला एकही धडा शिकवला नाही. फक्त एक अट घातली.

वसतिगृह बोरी अरबजवळ, अडाण नदीच्या काठी एका जुन्या कोठीत होतं. विलायतेला कापूस जाऊ लागला त्या दिवसांत एका व्यापाऱ्यानं ती बांधली होती. सागवानी खांब, माडीच्या खिडक्यांना लाल-निळ्या काचा, मागच्या दारी नदीपर्यंत उतरत गेलेली बाग, बागेत दगडी पाट आणि मधोमध एक कारंजं. दौऱ्यावरचे इंग्रज साहेब तिथं मुक्कामाला उतरत असं म्हातारी माणसं सांगत. पुढे मालक अमरावतीला राहायला गेले आणि थोरल्या मालकांनी, लेखी काही न करता, कोठी मुलींच्या वसतिगृहाला वापरायला दिली.

छप्पनच्या दीक्षेनंतर दुसऱ्या वर्षी बाबा शांताला घेऊन तिथं गेले. मीही सोबत होतो. त्या वर्षी मी अमरावतीला इंटरला नापास झालो होतो आणि बाबांबरोबर दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात कामाला लागायचं मनाशी ठरवलं होतं.

सुभद्राबाई ओसरीवर उभ्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं. त्यांनी शांताला वाचायला लावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आन् हा कोन?"

"भाऊ हाये जी तिचा," बाबा म्हणाले. "कालेजात होता. नापास झाला. आता म्हनते, जिनात येतो."

"काहून?"

नापास झालेल्या मुलाला काहून असं कोणी विचारतं हेच मला नवीन होतं.

"पोरीले ठेवून घेऊ," बाई बाबांना म्हणाल्या. "पन एक सांगून ठेवतो, दादा. ह्यानं कालेज सोडलं का त्याच दिवशी पोरगी घरी."

"हे कसं जी? त्याचा तिचा काय संबंध?"

"घरात एकानं अर्ध्यात सोडलं का दुसऱ्याले सोडाले सोपं जाते. मी पाह्यलं हाये."

घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "बाई मोठी वाकडी हाये. तू आपली पुस्तकं बांध."

बाई वाकड्या होत्या हे खरं. शिकलेल्या होत्या, पण बोलत आमच्यासारखंच वऱ्हाडी. रागावल्या म्हणजे मात्र एकदम पुस्तकी मराठी बोलू लागत. "मला हे आवडलेलं नाही" असं वाक्य कानावर आलं की मुली जिथल्या तिथं थांबत. "बाई शुद्ध बोलून राह्यल्या," अशी कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत जाई आणि तिथं भांडी वाजायची बंद होत.

संध्याकाळची हजेरी त्या मुलींच्या नावानं घेत नसत. गावाच्या नावानं घेत. "लाडखेड?" "हजर!" "तांडा?" "हजर!" एकदा एक सरकारी पाहुणे विचारू लागले, मुलींची आडनावं का नाही घेत? बाई म्हणाल्या, "आडनाव घेतलं का बाकीच्या माना वळवून पाह्यतात. गावाकडं कोनी वळून पाह्यत नाही."

शांता आली त्या वर्षी स्वयंपाकीणबाई काम सोडून गेल्या. आमच्या समाजाच्या एका मुलीनं हंड्यात पेला बुडवला हे कारण. बाईंनी त्यांना थांबवलं नाही, हंडाही घासून घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वतः चुलीपुढे बसल्या. बाईंना भाकर थापता येत नसे. शांता सांगायची, एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं पीठ. मोठ्या घरच्या एका मुलीनं ताट सरकवलं, तर म्हणाल्या, "जयली तर जयली. सगळ्याइची सारखीच जयली ना? खा." शेवटी मोठ्या मुलींनीच बाईंना चुलीपासून उठवलं आणि पाळ्या लावून घेतल्या. बाई त्यावर खूश होत्या. मला वाटतं, भाकरी त्या पुढे पुढे मुद्दाम जाळत असाव्यात.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात अडाणला पूर आला. दुपारची वेळ होती. पाणी बागेतून मागच्या दाराशी आलं तेव्हा बाईंनी सगळ्या मुलींना माडीवर चढवलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हजेरी सुरू केली. खाली कपाटं पाण्यावर आपटत होती. लाडखेड हजर, बोरी हजर. "तांडा?" उत्तर नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. तांड्यावरची एकच मुलगी होती, सेवंती. शांता सांगते की बाईंनी लुगड्याचा काचा मारला आणि त्या जिना उतरू लागल्या. पाणी कमरेला, मग छातीला. माडीवर कोणी रडलं नाही, कारण रडलं तर खालचं ऐकू आलं नसतं. बऱ्याच वेळानं स्वयंपाकघराच्या माळ्यावरून आवाज आला, "हजर." सेवंती वसतिगृहाची बकरी घेऊन माळ्यावर बसली होती. हजर म्हटलं तर खाली उतरावं लागेल, आणि बकरी राहील, म्हणून गप्प होती. बाई दोघींना घेऊन वर आल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "मला हे मुळीच आवडलेलं नाही." मग भिंतीला टेकून खाली बसल्या त्या पाणी उतरेपर्यंत उठल्या नाहीत.

माणूस एकही गेलं नाही. कोठी मात्र गेल्यासारखीच होती. खालच्या भिंतींचा गिलावा सुटला, दारं फुगली, एक पडवी बसली. बाग दिसत नव्हती. कारंज्याचं टोक तेवढं गाळातून वर आलेलं. संत्र्याची झाडं उभी सुकली. मुलींना गावच्या शाळेत दोन खोल्यांत दाटीवाटीनं ठेवलं.

दिवाळीनंतर अमरावतीहून मालकांचे दिवाणजी आले. थोरले मालक वारले होते. कारभार आता त्यांचे चिरंजीव नानासाहेब पाहत. दिवाणजींनी निरोप सांगितला की कापसाच्या गाठी ठेवायला एक व्यापारी ही जागा मागतो आहे. मृगाच्या आत घर आणि बाग पहिल्यासारखी झाली तर नानासाहेब स्वतः येऊन पाहतील आणि मग काय ते ठरवतील. नाही तर मुलींनी दुसरी सोय पाहावी.

दुसरी सोय नव्हती. शाळेच्या खोल्या उन्हाळ्यानंतर शाळेलाच लागणार होत्या. कोठी गेली की मुली आपापल्या गावी परत, आणि गावी परत गेलेली मुलगी पुन्हा येत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. वसतिगृहाची एक समिती होती. ती जमली, हळहळली आणि उठली.

बाईंजवळ द्यायला काही नव्हतं. फक्त गाळ होता. नदीनं वरच्या अंगाच्या शेतांतून आणलेला काळा, लोण्यासारखा गाळ, बागेत कंबरभर आणि अंगणात हातभर साचलेला. मुरमाड जमीन कसणाऱ्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. बाईंनी बाजारच्या दिवशी बोरीला जाऊन सांगितलं, "एक बंडी आना, एक बंडी न्या." बैलबंडीत दगड आणा, रेती आणा, चुन्याचे खडे आणा, सागाचे वासे आणा, रिकामी करा आणि गाळ भरून न्या. ज्याच्याजवळ बंडी नाही त्यानं टोपली आणावी. ज्याच्याजवळ टोपलीत घालायला काही नाही त्यानं दिवसभर हात लावावा आणि टोपली भरून न्यावी.

लोक आधी हसले. मग सेवंतीचे वडील, तांड्याचे नाईक, पहिली बंडी घेऊन आले. दगड उतरवून त्यांनी विचारलं, "याडी, ह्या गाळाचा मालक कोन?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"नदी," बाई म्हणाल्या. "तिनं इचारलं का माह्यं नाव सांग."

मग रांग लागली. दारातच चुन्याची घाणी बसली. वडारी आले, सुतार आले. गावातल्या बौद्ध वस्तीतली माणसं टोपल्या घेऊन आली. त्यांना शेतं नव्हती, विहाराची खोलगट जागा भरून काढायची होती. मी बी. ए.ची परीक्षा देऊन आलो तेव्हा कोठीला नवा गिलावा झाला होता, पडवी उभी होती, आणि फुटक्या काचांच्या जागी मुलींनी रंगीत कागद डिंकानं इतक्या बेतानं लावले होते की खालून फरक कळत नव्हता.

घर होत आलं आणि बाई तापानं पडल्या. आठवडाभर शाळेच्या खोलीतून उठल्या नाहीत. बंड्या चालूच होत्या. बाई सांगून गेल्या होत्या, तेच चाललं होतं.

उठल्या त्या दिवशी मी सोबत होतो. आम्ही मागच्या दारात आलो. बाई पायरीवरच थांबल्या. कारंज्याच्या चौथऱ्याखालचा दगडी पाया उघडा पडला होता. आंब्याच्या मुळ्या जमिनीवर हाताच्या बोटांसारख्या दिसत होत्या. आणि शेवटची पायरी अधांतरी होती. तिच्याखाली जमीनच नव्हती.

महादेवराव नावाचे जवळचेच शेतकरी बंडी भरत होते. बाईंनी वाकून मूठभर माती उचलली.

"महादेवराव, हे काय भरून राह्यले?"

"गाळ जी. दुसरं काय?"

"गाळ कवाच सरला, बाप्पा. हे बागेची माती होय."

महादेवरावांनी फावडं थांबवलं. मातीकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं. काळी ती काळी. कोणी लबाडी केली नव्हती. समोरच्यानं जिथवर खणलं तिथून पुढच्यानं खणायला घेतलं, एवढंच. चांगली माती समोर असताना फावडं कुठं थांबवायचं हे आमच्याकडच्या माणसाला कळत नाही. खालच्या काळ्या पट्टीतल्यांना एक बंडी कमी पडते आणि वरच्या मुरमाड पट्टीतल्यांना दोन.

"वापस आनतो," ते म्हणाले.

"वखरून झालं ना वावर? कुठून आनता?" बाई म्हणाल्या. "आन् आनली तरी पान्याबिगर बसते काय माती?"

त्याच संध्याकाळी निरोप आला की नानासाहेब परवा येत आहेत.

मधल्या दिवसात महादेवरावांनी एक मोठा चपटा दगड आणून शेवटच्या पायरीखाली बसवला. "मालकाच्या ध्यानात नाही याचं," ते म्हणाले. बाईंनी दगडाकडे पाहिलं. "राहू द्या. नाही तर पडन कोनी." दुसऱ्या कारणासाठी त्यांनी तो ठेवला नव्हता हे महादेवरावांना कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

नानासाहेब मोटारीतून उतरले. सोबत त्यांच्या पत्नी आणि दिवाणजी. अंगणात मुली आईबापांसोबत आल्या होत्या, गावातली माणसं होती, नाईक होते. बागेचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत होतं.

घर पाहताना नानासाहेब खरोखर आनंदले. गुळगुळीत चुन्यावर हात फिरवत ते खोलीखोलीतून गेले. "इथं आजोबांचा तक्क्या असे. इथं मी पडलो होतो, ही बघा खूण." माडीवर काचांतून आलेलं लाल ऊन त्यांच्या पत्नीच्या पदरावर पडलं तेव्हा त्या हसल्या. मी दारं उघडत पुढे होतो, बाई सगळ्यांच्या मागे. एकेक खोली पार पडत होती तसतसा मी पुढचं दार जास्त सावकाश उघडत होतो. घर संपत आलं होतं.

"आता बाग," नानासाहेब म्हणाले.

ते पायऱ्या उतरले. एक, दोन, तीन, आणि पाय दगडावर पडला. ते तिथंच उभे राहिले.

"हा दगड इथं नव्हता."

त्यांनी समोर पाहिलं. कारंज्याचा उघडा पाया, आंब्याच्या मुळ्या. चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं.

"बाग खाली गेली कशी?"

"विकली असेल माती," दिवाणजी हळूच म्हणाले. "आजकाल बंडीला भाव आहे."

"इकली नाही," सुभद्राबाई पुढे आल्या. आवाज शांत होता, वऱ्हाडीच होता. "दिली. दगड-चुन्याच्या बदल्यात गाळ दिला. गाळासंगं माती गेली. माह्या नजरेखाली गेली नाही, पन माह्या शब्दावर गेली. म्हनून म्याच दिली."

"कुणाला दिली? नावं सांगा."

"ज्याइनं घर उभं केलं त्याइले."

"मी नावं विचारतोय, बाई. माझ्या आजोबांनी बैलगाड्या लावून ही माती आणली होती. पोलिसांत देईन एकेकाला."

महादेवराव गर्दीतून पुढे झाले. "मालक, माती मी..."

"महादेवराव, आपण मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या. स्वच्छ, पुस्तकी मराठीत. अंगणातल्या सगळ्या मुली ताठ झाल्या. महादेवराव होते तिथंच थांबले.

मग त्या नानासाहेबांकडे वळल्या. "तुमी मले दोष द्या. माती माह्या नावावर लिवा. पन घर पाह्यलं ना तुमी? घरात काही कमी हाये काय?"

नानासाहेबांच्या पत्नी खालच्या आवाजात म्हणाल्या, "घर तर छानच केलंय हो."

"घर चांगलं आहे," ते म्हणाले. "मुलींवर माझा राग नाही. पण जिला माझी वस्तू आणि लोकांची वस्तू यातला फरक कळत नाही, तिच्या हाती मी कोठी ठेवणार नाही."

"म्हंजे मी गेली तर मुली राह्यतात?"

"तुम्ही जा. मुली राहू देत."

"असं नाही," बाई म्हणाल्या. "अंगनात याइचे मायबाप उभे हायेत. त्याइच्याकडं तोंड करून सांगा."

दिवाणजी पुढे सरसावले, पण नानासाहेबांनी हात वर केला. ते वळले. अवघडल्यासारखे झाले. "मुली राहतील," ते मोठ्यानं म्हणाले. "जोवर शाळा आहे तोवर राहतील. माझा शब्द आहे."

बाईंनी हात जोडले आणि बांधाबांध करायला शाळेतल्या आपल्या खोलीकडे गेल्या. एवढं सहज घडलं की काय झालं हे शांतासारख्या मुलींना मोटार निघून गेल्यावर कळलं. मग रडारड झाली. नाईक बाईंच्या दाराशी जाऊन म्हणाले, "याडी, मी सांगतो मालकाले. मी सगळ्यात पयले गाळ नेला." बाई आतून म्हणाल्या, "शब्द भेटला हाये नाईक. आता त्याच्यावर कोनी काही बोलाचं नाही. बोलले तर मोडन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं त्या यवतमाळमार्गे वणीला भावाकडे निघाल्या. मुलींना त्यांनी येऊ दिलं नाही. बोरी अरबच्या थांब्यावर मी ट्रंक घेऊन उभा होतो. दुसरं कोणीही आलं नव्हतं. ना महादेवराव, ना नाईक, ना समितीतला कोणी. बाई एकदोनदा रस्त्याकडे पाहत होत्या. माझा निकाल लागायचा होता. त्यांनी तोच विषय काढला, "पास झाला का लगेच कळव." मग पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं कोनी आलं नाही. उगाच रडले असते." मोटार आली. त्या खिडकीशी बसल्या, ट्रंक पायांशी घेतली, आणि मोटार वळेपर्यंत त्यांची मान मागच्या रस्त्याकडेच होती.

निकाल लागल्यावर मी त्यांना जे पत्र पाठवलं ते असं:

"तीर्थरूप सुभद्राबाई यांना सा. न. वि. वि.

मी बी. ए. दुसऱ्या वर्गात पास झालो. बाबांनी जिनात सगळ्यांना गूळ वाटला. आपली अट पुरी झाली असं ते आपल्याला लिहायला सांगतात.

शाळा सुरू झाली. सगळ्या मुली कोठीत परत आल्या, एकही घरी राहिली नाही. दारव्ह्याहून नवीन बाई आल्या आहेत, स्वभावानं मऊ आहेत. शांता म्हणते, त्या शुद्धच बोलतात, त्यामुळे रागावल्या केव्हा ते कळत नाही.

एक गोष्ट मी आपल्याला लगेच लिहायला हवी होती. त्या दिवशी आपली मोटार गेल्यावर मी कोठीकडे परत निघालो, तर वाटेत मला बंड्या भेटल्या. महादेवराव पुढे होते. तांड्याच्या बंड्या लांबून यायच्या म्हणून त्यांनी पहाटेच जुंपल्या होत्या. नेलेली माती वावरात मिसळून गेली होती, ती वेगळी काढता येईना, म्हणून ज्यानं त्यानं आपल्याच वावरातली वरची चांगली माती खरवडून भरली होती. बौद्ध वस्तीतल्या बायांनी विहाराच्या जागेतून टोपल्या भरल्या होत्या. आपण निघायच्या आत ती बागेत पडावी आणि आपण पाहावी, असा सगळ्यांचा बेत होता. बाग आता पायरीला लागली आहे. तांबडी, काळी, करडी अशी ठिगळांची दिसते. पाऊस पडला, माती बसते आहे. दिवाणजी मध्ये येऊन विचारून गेले, ही माती कुणी टाकली? कोणी नाव सांगितलं नाही.

थांब्यावर आपण रस्त्याकडे पाहत होता आणि मला काही सांगता येत नव्हतं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कोणी आलं नाही असं नाही, बाई. सगळे निघाले होते. बंड्या जड होत्या, म्हणून उशीर झाला.

आपला,
सुखदेव"